पगार की गल्ला: एका सीनवर तीनदा हात फिरवताना

पटकथा शिकायला निघालेली मराठी मुलं बहुतेक वेळा संवादापासून सुरुवात करतात. त्याला कारण आहे. आपल्याकडे लिहिणारा माणूस घडतो तो एकांकिकांच्या तालमीत. पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धेत हाताशी असतो एक रंगमंच, काही पात्रं आणि पाऊण-एक तास. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला नटाची बोटं दिसत नाहीत, त्याच्यापर्यंत पोचतो तो शब्द. त्यामुळे नाटकवाला शब्दांवर भार टाकायला शिकतो आणि नाटकापुरतं ते बरोबरच आहे. कॅमेरा मात्र त्या बोटांपासून वीतभर अंतरावर जाऊन उभा राहू शकतो. तिथे बोटं बोलत असताना तोंडही बोलायला लागलं, की सीन जड होतो.

पटकथा म्हणजे पडद्यावर जे दिसणार आणि जे ऐकू येणार त्याची क्रमवार नोंद. कथेत ‘त्याला आईची आठवण झाली’ हे वाक्य चालतं. पटकथेत ते लिहिलं, तर कॅमेरामन विचारणार, ‘म्हणजे काय शूट करू?’ हा प्रश्न प्रत्येक वाक्याला विचारायची सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्यावी. ‘घरात उदास वातावरण होतं’: काय शूट करू? ‘तिला त्याचा राग आला होता’: काय शूट करू? उत्तर नसेल तर ते वाक्य खोडायचं, किंवा त्याच्या जागी एखादी कृती शोधायची. ‘ती त्याचं ताट वाढते आणि स्वतःचं घेऊन आत निघून जाते.’ आता राग दिसला.

आपल्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा, संवाद अशा तीन ओळी येतात. राज्य शासनाच्या मराठी चित्रपट पुरस्कारांतही ही तीन पारितोषिकं वेगवेगळी दिली जातात. नवख्या लेखकाला ही वाटणी फक्त कागदावरची वाटते, पण कामं खरोखरच तीन आहेत. १९८३ सालचा गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ घ्या. कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे. माणूस कोण आणि त्याच्यावर काय गुदरतं, हे कथेत ठरतं. ते कोणत्या क्रमानं, कोणत्या जागी, किती वेळ आणि कुणाच्या नजरेतून दिसेल, हे पटकथेत. आणि त्या क्षणी कोण काय बोलेल आणि काय गिळून टाकेल, हे संवादात. तिन्ही कामं एकटाच माणूस करत असला तरी एकाच बैठकीत करू नयेत. संवाद सुचायला लागले की हात त्यांच्यामागे धावतो आणि सीन कशासाठी होता ते मागे राहतं.

हे नुसतं सांगून कळत नाही, म्हणून एक सीन घेऊ. दत्तात्रय कदम, वय ६१, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. मुलगा महेश, वय २८, भोसरीच्या एका कारखान्यात नोकरीला. तो दर महिन्याला पगारातले नऊ हजार घरात देतो, एटीएममधून काढलेल्या पाचशेच्या अठरा नोटा. तीन महिन्यांपूर्वी त्याची नोकरी गेली. घरी न सांगता तो शेअर रिक्षा चालवतो. आज एक तारीख आहे.

पहिला खर्डा साधारण असा येतो:

महेश: आण्णा, तुम्हाला तर माहीतच आहे, गेली चार वर्षं मी भोसरीच्या कंपनीत आहे.
दत्तात्रय: हो रे, आणि मी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. खरं सांग, तुझी नोकरी गेली का?
महेश (रडत): हो आण्णा. तीन महिने झाले. मी शेअर रिक्षा चालवतो.
दत्तात्रय: वेड्या, मग मला सांगायचं नाही का?

यातल्या चुका लेखकाला सहसा स्वतःला दिसत नाहीत, म्हणून एकेक बघू. ‘तुम्हाला तर माहीतच आहे’ या शब्दांनी सुरू होणारं वाक्य समोरच्या पात्रासाठी नसतंच, ते प्रेक्षकासाठी असतं. बाप-लेक एकमेकांना आपापल्या नोकरीची माहिती देत नाहीत. दुसरं, संशय कशावरून आला ते कुठेच नाही. लेखकाला उरकायचं होतं म्हणून आण्णांना कळलं. आणि तिसरी चूक सगळ्यात महाग पडते. सीन सुरू होताना जे लपलेलं होतं ते सगळं चार वाक्यांत बाहेर आलं, आता पुढच्या सीनला हातात काहीच उरलं नाही.

दुसऱ्या खर्ड्यात लेखक थोडा शहाणा होतो. तो नोटा आणतो. महेश या वेळी सुट्या, मळकट नोटा देतो. आण्णा त्या मोजतात, थांबतात आणि म्हणतात, ‘हा पगार नाही महेश. हा गल्ला आहे.’

वाक्य चांगलं आहे. लिहिणारा त्याच्या प्रेमात पडणार, आणि पडावं असंच ते आहे. पण चित्रपटात या जागी ते नको. आधीच्या एखाद्या सीनमध्ये प्रेक्षकानं महेशला रिक्षा चालवताना पाहिलेलं आहे. त्याला उत्सुकता आहे ती आण्णांना कळेल का याची. आण्णांचा हात नोटांवर थांबला त्याच क्षणी त्याला उत्तर मिळालं. मग आण्णा तेच तोंडानं सांगतात आणि प्रेक्षकाच्या हातून शोधण्याचा आनंद जातो.

इथे एक निर्णय डोळसपणे घ्यावा लागतो: प्रेक्षकाला पात्राच्या आधी कळू द्यायचं, त्याच्याबरोबर, की त्याच्यानंतर? आधी कळलं तर ताण तयार होतो, बरोबर कळलं तर धक्का बसतो, नंतर कळलं तर कुतूहल राहतं. तिन्ही चालतात. पण कोणतं निवडलंय ते लेखकाला माहीत नसेल, तर एकाच सीनमध्ये तिन्हींची सरमिसळ होते आणि सीन का जमत नाही ते कुणालाच सांगता येत नाही. आपण ‘आधी’ निवडलंय. मग तिसरा खर्डा:

सीन २७. आत. कदमांचं घर, बाहेरची खोली. रात्र.
पात्रं: दत्तात्रय, महेश.

महेश वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं टीपॉयवर ठेवतो आणि चपला काढायला दाराशी जातो. दत्तात्रय पुडकं सोडतो. वर पाचशेच्या चार नोटा. खाली शंभर, पन्नास, वीस, दहाच्या मळक्या नोटा. त्याचा हात थांबतो. मग सवयीनं चालू लागतो: दहाच्या वेगळ्या, विसाच्या वेगळ्या, सगळ्यांवरचे गांधीजी एका बाजूला. महेश दाराशी थबकून बघतो.

महेश: नऊ हजार आहेत आण्णा.
दत्तात्रय (मान वर न करता): असणारच.

शेवटच्या गठ्ठ्याला रबर लावून दत्तात्रय उठतो. कपाटावरून कंडक्टरची जुनी चामडी बॅग काढतो, धूळ पुसतो, महेशसमोर ठेवतो.

दत्तात्रय: सुटे खिशात नको ठेवू. खिसा फाटतो.

महेश बॅगेकडे बघत राहतो. आतून कुकरची शिट्टी.

नोकरी, रिक्षा, खोटं, राग, क्षमा यांतला एकही शब्द इथे कुणी उच्चारला नाही. तरी आण्णांना कळलंय, महेशला कळलंय की त्यांना कळलंय, आणि आईला अजून काही माहीत नाही. हे तिसरं फार मोलाचं, कारण पुढचा सीन त्यावर उभा राहतो. आता बाप-लेक मिळून आईपासून लपवणार.

नोटांचा हिशेबही लेखकानंच करायचा असतो. पाचशेच्या ४ म्हणजे २,०००. शंभरच्या ४० म्हणजे ४,०००. पन्नासच्या ३० म्हणजे १,५००. विसाच्या ५० म्हणजे १,०००. दहाच्या ५० म्हणजे ५००. झाले नऊ हजार. ‘बऱ्याच सुट्या नोटा’ असं लिहिलं, तर सेटवर कुणीतरी पाचशेचा कोरा गठ्ठा आणून ठेवेल आणि अख्खा सीन कोसळेल.

एक सीन असा हाताखालून गेला की मग साठ सीनची मांडणी. दोन तासांच्या चित्रपटात सीन सरासरी दीड-दोन मिनिटांचा धरला, तर साठ ते ऐंशी सीन होतात. प्रत्येकासाठी एक कार्ड, कार्डावर एकच ओळ. इंडस्ट्रीत या यादीला वनलाइन म्हणतात. ओळीत जागेचं वर्णन नको, बदल हवा. ‘महेश आणि आण्णा रात्री बोलतात’ ही ओळ निरुपयोगी. ‘महेश पगार म्हणून रिक्षाचा गल्ला देतो, आण्णा ओळखतात आणि न बोलता बॅग देतात’ ही ओळ कामाची. सगळी कार्डं जमिनीवर मांडा आणि एकेक उलटं ठेवून बघा. ते उलटं असताना पुढची गोष्ट जशीच्या तशी कळत असेल, तर तो सीन मेलेला आहे, मग त्यात कितीही सुंदर संवाद असोत. साठांत आठ-दहा असे निघतातच. त्यांतलं एखादं चांगलं वाक्य वाचवायचं असेल तर ते जिवंत सीनमध्ये हलवा.

आपल्याकडे मध्यंतर असतं, आणि परदेशी पुस्तकांतून तीन अंकांची रचना शिकून आलेला लेखक तिथे अडखळतो, कारण त्या पुस्तकांत मध्यंतर नाही. मध्यंतराच्या आधी एखादा अपघात किंवा मारामारी घालून भागत नाही. प्रेक्षक बाहेर वडापाव खाताना एकमेकांना एक प्रश्न विचारू शकला पाहिजे, आणि तो प्रश्न पहिल्या भागात होता त्यापेक्षा वेगळा हवा. पहिल्या तासाचा प्रश्न ‘घरी कळेल का?’ असेल, तर मध्यंतराला ते कळून चुकलेलं असावं आणि नवा प्रश्न उभा राहावा: ‘आता ही रिक्षा कुणाच्या नावावर आहे ते कळलं तर?’ एकच प्रश्न दोन तास ताणला, की मध्यंतरानंतरची वीस मिनिटं हमखास ढासळतात.

आता मालिका. मालिकेला कमी लेखणारे लेखक भरपूर भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. रोज ठरलेल्या मिनिटांत, ठरलेल्या माणसांत आणि ठरलेल्या दोन-तीन जागांत गोष्ट पुढे न्यायची, हे शिस्तीचं काम आहे, आणि ते केलेल्या लेखकाचा हात चित्रपटातही हलका चालतो.

आधी वेळेचा हिशेब. नियमानुसार वाहिनीला तासाला १२ मिनिटं जाहिराती दाखवता येतात, १० मिनिटं व्यापारी आणि २ मिनिटं स्वतःच्या कार्यक्रमांच्या. अर्ध्या तासाच्या खेळात ६ मिनिटं गेली, उरली २४. त्यातून शीर्षक, मागील भागाची झलक आणि पुढच्या भागाची झलक वजा केली की हातात साधारण २१-२२ मिनिटं राहतात. त्यात दोन किंवा तीन ब्रेक. म्हणजे पाच ते सात मिनिटांचे तीन-चार तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याचा शेवट असा, की रिमोटकडे गेलेला हात परत यावा. सीन सात ते दहा. यापेक्षा जास्त लिहिले तर शूटिंग आटोपत नाही, कमी लिहिले तर प्रत्येक सीन लांबतो.

कामाची साखळी अशी: वाहिनीबरोबर पुढच्या महिन्या-दोन महिन्यांचा ट्रॅक, म्हणजे गोष्टीचा पुढचा टप्पा, ठरतो, त्यातून आठवड्याची वनलाइन निघते, वनलाइनमधून भागाची पटकथा, आणि पटकथा संवादलेखकाकडे जाते. आठवड्याला सहा भाग जातात. युनिट बारा तासांच्या शिफ्टमध्ये साधारण एका भागाचं काम उरकतं. काही भाग आगाऊ तयार असतात, त्यांना बँक म्हणतात. गणपतीत, दिवाळीत किंवा कुणी आजारी पडलं की बँक आटते. मग संवाद सकाळी सातला सेटवर पोचतात आणि कलाकार मेकअपच्या खुर्चीत पाठांतर करतात. अशा दिवशी लांब स्वगतं लिहिणारा लेखक सगळ्यांचा घात करतो. दोन ओळींचे, घरगुती शब्दांचे संवाद त्या दिवशी तारून नेतात.

कोणती मालिका किती बघितली जाते ते मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे दर गुरुवारी येतात. आकडा घसरला की ट्रॅक गुंडाळायचा आणि चढला की लांबवायचा, असा निरोप येतो. म्हणून ट्रॅक लिहितानाच त्याला दोन वाटा ठेवाव्या लागतात. महेशची नोकरी गेल्याचं आईला दहाव्या भागात कळणार असेल, तर ते सहाव्या भागातही कळू शकेल असं एखादं पात्र, एखादी चिठ्ठी, एखादा रिक्षावाला मित्र आधीच पेरून ठेवायचा. पेरलेलं वापरलं नाही तरी बिघडत नाही. न पेरता वापरलं, तर प्रेक्षकाला ते लगेच खुपतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचा फरक: मालिका ऐकली जाते. सात-आठच्या सुमाराला घरात पोळ्या चाललेल्या असतात, भाजी निवडली जात असते, पोरांचा अभ्यास घेतला जात असतो. नजर पडद्यावर असेलच याची खात्री नाही, कान असतात. चित्रपटातला आपला सीन २७ तसाच मालिकेत ठेवला, तर स्वयंपाकघरातल्या बाईला कुकरच्या शिट्टीशिवाय काही कळणार नाही. तिच्यासाठी तोच सीन असा होतो:

दत्तात्रय (मोजत): सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास. दहाच्या पन्नास! सुमन, ऐकलंस का गं, तुझ्या लेकाच्या पगारात दहाच्या पन्नास नोटा!
सुमन (आतून): अहो मग काय झालं? पैसे ते पैसे.
दत्तात्रय: एकतीस वर्षं एसटीत गेली माझी. कंपनीचा पगार दहाच्या नोटांत येत नाही. (महेशला) हा पगार नाही महेश. हा गल्ला आहे.

सुमन दारात येते. महेशचा चेहरा. फ्रीझ (चित्र तिथेच थांबतं).

मोजणं आवाजात आलं. कंडक्टरला हिशेब मोठ्यानं करायची सवय असणार, त्यामुळे ते पात्रालाही शोभतं. नावं आणि नाती संवादात आली, म्हणजे आजच पहिल्यांदा बघणाऱ्यालाही कोण कुणाचं कोण ते कळलं. आणि चित्रपटात कापलेलं ते वाक्य इथे भागाच्या शेवटी, हुक म्हणून, म्हणजे प्रेक्षकाला उद्यासाठी अडकवणारा गळ म्हणून, आपल्या योग्य जागी बसलं. वाक्य दोन्हीकडे तेच, फक्त तिकडे ते प्रेक्षकाला कळलेलंच पुन्हा सांगत होतं आणि इथे त्याच्यासाठी बोलतंय.

हुकाची एक जबाबदारी असते. दुसऱ्या दिवशीचा पहिला सीन त्याच क्षणापासून सुरू व्हायला हवा आणि महेशला उत्तर द्यावंच लागलं पाहिजे. इथे दाराची बेल वाजवून विषय बदलणं, किंवा ते महेशचं स्वप्न होतं असं दाखवणं, ही फसवणूक आहे. प्रेक्षक एकदा सोडून देतो, दुसऱ्यांदा नाही. ट्रॅक लांबवायचाच असेल तर प्रामाणिक वाट आहे: महेश छोटं खोटं बोलतो. ‘कँटीनच्या कुपनांचे पैसे माझ्याकडे जमा होतात आण्णा, तेच दिले.’ उत्तर मिळालं, ताण वाढला, आणि त्या खोट्याला सांभाळण्यात पुढचे तीन भाग निघतात.

लिहिताना सेटचा विचार केला की निम्मी भांडणं टळतात. एका भागात एकाच खोलीचे दिवस-रात्र-दिवस-रात्र असे चार सीन घातले, तर शूटिंग क्रमानं होणार नसलं तरी कपडे आणि कंटिन्युइटी (एका शॉटमधल्या गोष्टी पुढच्या शॉटशी जुळणं) यांचा गोंधळ उडतो. जेवणाच्या पंगतीचा सीन कागदावर अर्ध्या पानाचा असतो, पण आठ जणांच्या ताटांत प्रत्येक शॉटला तितकीच आमटी ठेवायची असते, आणि आठ जणांच्या रिअॅक्शन घ्यायच्या असतात. रात्रीचा बाहेरचा सीन म्हणजे परवानगी, जनरेटर आणि लाइटचा वेळ. एखाद्या कलाकाराची त्या दिवशीची तारीख नसेल, तर त्याचा सीन फोनवर घेता येतो, कारण फोनची दोन टोकं वेगवेगळ्या दिवशी चित्रित होतात. लहान मुलांबाबत तर कायदाच आहे: २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते. भागातल्या सगळ्या सीनमध्ये सहा वर्षांची नात नेऊन बसवली, तर ते होणारच नाही.

पानाच्या मांडणीबद्दल थोडक्यात. प्रत्येक सीनवर क्रमांक, आत की बाहेर, जागा, वेळ आणि पात्रांची नावं. कृती वर्तमानकाळात, तीन-चार ओळींपेक्षा मोठा परिच्छेद नको. मराठी मालिकांत नाव डावीकडे आणि संवाद त्याच्यासमोर, अशी नाटकासारखी मांडणी सर्रास चालते. चित्रपटात संवाद मधोमध घेण्याची पद्धत आहे. टाइप करायचं ते युनिकोडमध्येच. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या फोनवर चिन्हांचा कचरा होऊन उघडते. पाठवताना पीडीएफ.

‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा नियम खूप ऐकू येतो. तो कुरिअर फॉन्टच्या १२ आकारातल्या इंग्रजी पानासाठी बसवलेला आहे. देवनागरीत ओळीची उंची वेगळी, शब्द जोडून येतात, त्यामुळे तो तसाच लावला तर २२ मिनिटांचा म्हणून २२ पानांत लिहिलेला भाग १७ मिनिटांत संपू शकतो. आपलं माप आपण काढायचं. स्वतःची दहा पानं घ्या, संवाद मोठ्यानं बोला, कृतीला जेवढा वेळ लागेल तेवढं थांबा, घड्याळ लावा, आलेल्या मिनिटांना दहानं भागा. त्यानंतर फॉन्ट, आकार आणि समास बदलायचा नाही.

सरावासाठी एक गोष्ट इतर सगळ्यांपेक्षा उपयोगी आहे. तीन मिनिटांचा कोणताही चांगला सीन आवाज बंद करून बघा आणि दिसेल ते पटकथेच्या मांडणीत लिहून काढा. मग आवाज सुरू करून पुन्हा बघा. कोणते संवाद तुम्हाला आधीच कळले होते, कोणते अनपेक्षित निघाले, त्यांवर खुणा करा. असे वीस सीन केले की आपल्या संवादांतलं फालतू काय ते आपोआप टोचायला लागतं. पुण्यात राहणाऱ्यांना लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि एफटीआयआय (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया) अशा दोन संस्था जवळजवळ आहेत. एफटीआयआयचा पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे, लघुवर्गही निघतात. पण वर्ग लावला तरी ते वीस सीन स्वतःच करावे लागतात.

पटकथा झाली की ती बहुतेक वेळा वाचली जात नाही, ऐकली जाते. त्याला नरेशन म्हणतात. निर्मात्यासमोर सगळे संवाद अभिनयासह वाचून दाखवले, तर अर्ध्या तासात समोरची माणसं फोन बघायला लागतात. गोष्ट वर्तमानकाळात सांगा, सीन २७ सारखे पाच-सहा सीन तेवढे पूर्ण वाचा. आणि ऐकणाऱ्याचं लक्ष कुठे सुटलं ते पेन्सिलीनं टिपा. तिथे सहसा दोन मेलेले सीन लागोपाठ आलेले असतात.

नरेशनला जाण्याआधी पटकथेची नोंदणी करा. मुंबईतली स्क्रीनरायटर्स असोसिएशन सभासदांना ऑनलाइन नोंदणी देते. त्यातून सिद्ध होतं ते एवढंच, की या तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता. कल्पनेवर हक्क मिळत नाही; सर्वोच्च न्यायालयानं आर. जी. आनंद खटल्यात १९७८ साली ते स्पष्ट केलं आहे. संरक्षण मिळतं ते कल्पनेच्या मांडणीला. म्हणून ‘कंडक्टर बाप आणि रिक्षावाला मुलगा’ एवढ्या दोन ओळी नोंदवण्यात अर्थ नाही. वनलाइन, सविस्तर ट्रीटमेंट (संवादांशिवाय सीनवार लिहिलेली गोष्ट) किंवा पूर्ण पटकथा नोंदवा. करार लेखी आणि सहीचा हवा, हक्कांचं तोंडी हस्तांतरण कायद्यात बसत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा सोडून देता येत नाही. ‘सर्व हक्क कायमचे, जगभर, सर्व माध्यमांत’ हे कलम दिसलं की सही करण्याआधी दोन दिवस मागून घ्या.

मग कागद सहायक दिग्दर्शकाकडे जातो. तो सीनचं ब्रेकडाऊन काढतो, म्हणजे प्रत्येक ओळीतून खर्चाची आणि वेळेची वस्तू वेगळी करतो. सीन २७ मधून निघतं: पाच किमतींच्या नोटा, मळक्या हव्यात, वर्तमानपत्र, तारीख गोष्टीतल्या महिन्याशी जुळणारी, रबरं, टीपॉय, चामडी बॅग, कुकरचा आवाज, सुमनची तारीख नको. प्रत्येक शॉटनंतर कोणत्या गठ्ठ्यात किती नोटा आल्या होत्या याचा फोटो काढून ठेवावा लागेल. आणि ‘धूळ पुसतो’. हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत, पण प्रत्येक रीटेकला कला विभागाचा माणूस मुलतानी माती घेऊन येणार, बॅगेवर पुन्हा सारखी धूळ भुरभुरणार, खाली सांडलेली पुसणार. चार टेक म्हणजे चार वेळा. दिग्दर्शक नक्की विचारेल की धूळ काढून टाकू का. इथे उत्तर तयार हवं: आण्णा निवृत्त झाले त्या दिवसापासून ती बॅग कुणी खाली काढलेली नाही, आणि हे त्या धुळीशिवाय सीनमध्ये दुसरं कुणी सांगत नाही. धूळ राहू द्या. वेळ वाचवायचाच असेल तर वर्तमानपत्राऐवजी प्लास्टिकची पिशवी चालेल, ती पुन्हा पुन्हा गुंडाळावी लागत नाही.